पहुडाची वेळ

"तुमचे वडील कुठे निजलेत ते पाहिलंत का?"

मठाचे महंत अचलराजबाबा यांनी हे इतक्या हळू आवाजात विचारलं की मला आधी वाटलं, चहाचं वगैरे विचारताहेत. मी त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी ठोकून बसले होते, पेनाचं टोपण काढलं होतं आणि पहिला प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या बेतात होता.

"निजलेत? माझे बाबा?" मी म्हटलं. "शक्यच नाही."

"जरा दारात या."

मी दारात गेले. मठाचं अंगण समोरच होतं. मध्ये मोठा निंब, निंबाच्या पलीकडे पत्र्याचा मांडव, मांडवाखाली नुकताच चुना दिलेला एक लांबरुंद ओटा, आणि त्या ओट्यावर उजव्या कुशीला, हाताची उशी करून माझे वडील. चपला खाली शेजारीशेजारी काढून ठेवलेल्या. तोंड अर्धवट उघडं. आणि चक्क घोरत होते.

मी ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि रडायला लागले.

"अहो, असं नका करू," बाबाजी घाबरले. "चूक झाली, मान्य. पण इतकं मनाला लावून घेऊ नका. आपण काही मार्ग काढू."

त्यांना वाटलं, मी लाजेनं रडतेय. मला तर लाजायचं कशाला हेही अजून माहीत नव्हतं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा अमरावतीला पीएच.डी. करत होते. विषय होता, जुन्या मराठीतले झोपेचे शब्द. घरात एक माणूस झोपेसाठी तळमळतोय आणि त्याची पोरगी झोपेच्या शब्दांवर प्रबंध लिहितेय, हा विनोद आमच्या घरात कोणी बोलून दाखवायचं नाही, एक आई सोडून. ती म्हणायची, "तुया त्या कोशातून चिमूटभर झोप काढून आन व तुया बापाले. मंग तुले डॉक्टर म्हनू."

माझं घोडं 'पहुड' या शब्दापाशी अडलं होतं. आज आपण 'पहुडणे' म्हणतो ते जेवून आरामखुर्चीत पाय पसरलेल्या माणसाला, तेही थोडं चेष्टेनं. पण जुन्या काव्यात पहुडतात ते देव आणि राजे. तुमच्याआमच्यासारखी माणसं नुसती निजतात. हिंदीतला 'पौढना' हा या शब्दाचा भाऊबंद, इथवर ठीक. पण मूळ कुठलं? एका विद्वानाला विचारावं तर तो संस्कृताकडे बोट दाखवतो, दुसऱ्याला विचारावं तर तो पहिल्याला हसतो आणि प्राकृतात शोधा म्हणतो. महानुभावांच्या जुन्या पोथ्यांत मात्र हा शब्द पानोपानी भेटतो. स्वामी झोपले की 'पहुड', उठले की 'उपहुड'. माझे मार्गदर्शक देशकर सर शेवटी वैतागून म्हणाले, "कोश चाळून आता तुमच्या हाती धूळच लागणार आहे. ज्यांच्या तोंडी तो शब्द अजून आहे त्यांच्याकडे जा. बोरखेडीच्या मठात जा."

बोरखेडीला महानुभावांचं एक लहानसं स्थान आहे. स्वामी फिरतीवर असताना एका दुपारी तिथे पहुडले होते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. जिथे पहुडले तिथे ओटा बांधलेला. लोक लांबून येतात, ओट्याला कपाळ टेकवतात, विडा ठेवतात आणि जातात. मूर्ती नाही, काही नाही. ओटाच देव.

आणि त्याच ओट्यावर आमचे तीर्थरूप आडवे झाले होते.

आता बाबांविषयी सांगायला हवं. ते एका खाजगी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर ड्रायव्हर होते. अमरावतीहून संध्याकाळी निघायचं, सकाळी पुण्याला पोचायचं. ती झोपायची गाडी. मागे माणसं रांगेनं आडवी झालेली आणि पुढे बाबा एकटे जागे. उभा जन्म असा गेला. मग एक दिवस सकाळी घरी आले, किल्ली मालकाकडे देऊन आलो म्हणाले, मालकाशी पटत नाही म्हणाले. आई खूश झाली. आता तरी रात्री घरात झोपतील, असं तिला वाटलं.

पण झोपच आली नाही. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, रात्रपाळीची सवय आहे, मोडेल. मोडली नाही. दिवसाही डोळा लागेना. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, आणि गुंगी आली की बाबा ताडकन उठून उभेच राहायचे, पाण्याचे हबके तोंडावर मारायचे. वर्ष उलटून गेलं. डोळे आत गेले, हात कापायला लागले. एकदा भर दुपारी ते आमच्या चौकात रस्त्याच्या मधोमध थांबले, कारण कुठल्या बाजूला जायचं तेच त्यांना आठवेना. ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचले. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, हे असंच चाललं तर डोक्यावर परिणाम होईल, मग माझ्या हातात काही नाही. त्या दिवसापासून आईनं माझ्या पीएच.डी.ची थट्टा बंद केली.

बोरखेडीला जाताना तीच म्हणाली, "ने त्याइले संगं. तेवढीच हवा बदलन." बाबा आले. एसटीत नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या अगदी पाठीमागे बसले आणि गाव येईपर्यंत त्याच्याशी बडबडत राहिले. त्याचं गाव कोणतं, पोरं किती, चहा केव्हा घेतला. त्या बिचाऱ्यानं दोनदा मागे वळून माझ्याकडे 'आवरा यांना' अशा नजरेनं पाहिलं.

तर आता कळलं ना, मी का रडत होते? वर्षभरानं माझे बाबा झोपले होते.

"तो ओटा," अचलराजबाबा माझ्या कानाशी म्हणाले, "तोच ओटा आहे हो."

"तो?"

"तोच. जत्रा जवळ आली म्हणून चुना दिला. वरचं वस्त्र, फुलं सगळं काढून ठेवलंय. 'ओट्यावर बसू नये' अशी पाटी होती, ती रंगवायला घेतलीय." त्यांनी बोट दाखवलं. पाटी खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा झालेल्या पोरासारखी.

"मी उठवते," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण पाय हलेना. वर्षभर ज्या क्षणासाठी आईनं देव पाण्यात ठेवले होते, तो क्षण मी हलवून जागा करायचा?

"उठवायचं नाही!"

हा आवाज निंबाकडून आला. तिथे एक म्हाताऱ्या तपस्विनी बसल्या होत्या, हातात घडी घातलेलं पांढरं वस्त्र. त्या भागाबाई. मठात सगळ्यात जुन्या. बाबाजींना त्यांनी पोरवयापासून पाहिलेलं, त्यामुळे बाबाजी महंत झाले ही गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतली नव्हती.

"भागाबाई, अहो, ओट्यावर माणूस आहे," बाबाजी म्हणाले.

"डोये हायेत मले."

"मग?"

"मंग टाइम कोनता झाला? पहुडाचा. पहुडाच्या टाइमाले या आंगनात कोनाले उठवते का आपुन? कुत्रं निजलं असलं तरी वलांडून जातो."

बाबाजींनी कपाळावर हात मारला. मग मला समजावून सांगितलं. बोरखेडीच्या मठाची एक रीत आहे. दुपारचं जेवण झालं की ओट्यावर वस्त्र पसरायचं. तो पहुड. तेव्हापासून उपहुड होईपर्यंत, म्हणजे विडा ठेवून ते वस्त्र परत काढेपर्यंत, अंगणात मोठ्यानं बोलायचं नाही आणि निजलेल्या जिवाला जागं करायचं नाही. वस्त्र घालायचं आणि अंगण राखायचं काम भागाबाईंचं.

"म्हणजे उठवायचं नाही?" मी विचारलं.

"नाही."

"पण ओट्यावर कोणी चढायचंही नाही?"

"अजिबात नाही."

"मग?"

"तेच म्हणतोय मी," बाबाजी म्हणाले. त्यांच्या नाकावर घाम आला होता. "आणि आत्ता जालन्याची मंडळी येताहेत. गाडी करून. फार कडक लोक आहेत. मागच्या खेपेला विड्याचं पान फाटकं होतं म्हणून मला ऐकवून गेले."

मला धड हसूही येईना, रडूही येईना. मी भागाबाईंच्या पाया पडायला वाकले तर त्या म्हणाल्या, "मायाकडं काय वाकतं? सरक." आणि वस्त्राची घडी उलगडत मांडवाकडे निघाल्या.

"भागाबाई, काय करताय?" बाबाजी मागोमाग.

"पहुडाचं वस्त्र घालून राह्यली."

"अहो, पण ते..."

"ओट्यावर घालायचं असते ना? मी ओट्यावरच घालते. मधात कोन हाय ते मले काय करायचं?"

आणि त्यांनी ते पांढरंशुभ्र वस्त्र ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. बाबा त्याच्याखाली झाकून गेले. नाकातोंडाजवळ मात्र त्यांनी कड जरा दुमडून ठेवली. मग मांडवाच्या खांबाला टेकून, जणू रोजचंच चाललंय, अशा खाली बसल्या.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. दुसरं करणार काय? कुजबुजत विचारलं, "बाई, पहुड म्हणजे झोपच ना?"

"झोप कुठंबी येते. एसटीत येते, कीर्तनात येते," भागाबाई म्हणाल्या. "पहुड राखा लागते."

मला काही कळलं नाही. वही पिशवीत होती, पण ती काढायचंही सुचलं नाही. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

जालन्याची मंडळी हातपाय धुऊन, पिशव्या सांभाळत, एका रांगेत अंगणात आली. बरोबर त्यांचा ड्रायव्हर, एक पोरसवदा माणूस, गळ्यात टॉवेल. त्यानं दारातूनच हात जोडले आणि गाडीकडे परत गेला. बाबाजी पुढे झाले, "दंडवत, दंडवत," म्हणाले, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून नुसतेच हसत राहिले. सगळ्यांनी ओट्यावर वस्त्र पाहिलं, पहुडाची वेळ आहे हे ओळखलं आणि तोंडं मिटली. इतके रीतीचे लोक! एरवी कोणी विचारलं असतं, ओट्याला हा उंचवटा कसला? पण पहुडाच्या वेळी बोलायचं नाही म्हटल्यावर कोण विचारणार?

एकेक जण पुढे येऊ लागला. ओट्याच्या कडेला कपाळ टेकवायचं, विड्याचं पान ठेवायचं, मागे सरून बसायचं. एका काकांनी कपाळ टेकवलं ते नेमकं बाबांच्या पायांशी. वर पाहतात तर वस्त्राखालून टाच दिसतेय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबाजींकडे पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि पुन्हा एकदा कपाळ टेकवलं. मागची बाई त्यांचं बघून तिथेच टेकली. मग रांगेतल्या सगळ्यांनी तीच जागा धरली. माझ्या बाबांच्या पायांशी, ज्या पायांनी त्यांनी जन्मभर क्लच दाबला, पानांचा ढीग होऊ लागला.

शेवटी एक आजी काठी टेकत आली. फार थकलेली. तिनं कपाळ टेकवलं आणि नेमक्या त्याच वेळी बाबा एकदम मोठ्यानं घोरले. आजी दचकली. मग तिचा चेहरा असा काही झाला की मला खाली बघावं लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती तिथेच, ओट्याला लागून बसली.

बाबाजी माझ्या बाजूला येऊन टेकले. मनाची चलबिचल लपवायची म्हणून असेल, ते एकदम पुटपुटायला लागले, "तुम्हाला शब्दाचं मूळ विचारायचं होतं ना? आमच्यात काही जण सांगतात, संस्कृतात झोपेचाच एक धातू आहे, त्याला 'प्र' लागला. काही म्हणतात, ते खोटं. माझे गुरू म्हणायचे, शब्दाच्या मुळाशी जाऊ नये, तिथे भांडणंच असतात. तुम्हाला कुठलं लिहायचं ते..."

"श्शू!" भागाबाई म्हणाल्या. महंत गप्प झाले.

निंबाची पिवळी पानं खाली पडत होती. सगळं अंगण माणसांनी भरलेलं आणि कोणी बोलत नव्हतं. मी त्या लोकांकडे बघत होते आणि माझं डोकं चालेनासं झालं होतं. आम्ही या लोकांना फसवतोय का? की ते आपल्या आपण काही वेगळंच करताहेत? टाच पाहिलेले काका अधूनमधून डोळा उघडून टाचेकडे बघायचे आणि पुन्हा मिटायचे. त्यांना कळलं होतं, हे नक्की. मग ते उठून ओरडत का नव्हते? आणि मी कशाची वाट पाहत होते? बाबा जागे होऊ नयेत म्हणून माझा जीव अडकला होता, आणि जागे झाले की काय होईल या भीतीनंही तोच अडकला होता.

ऊन मांडवाच्या खांबापर्यंत आलं तेव्हा वस्त्र हललं.

बाबांनी एका हातानं ते तोंडावरून दूर केलं आणि उठून बसले. समोर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली माणसं. सगळी त्यांच्याकडे बघणारी. मला वाटलं, आता ते ओशाळतील, नाहीतर हसतील. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"कोनाले लागलं?" ते म्हणाले.

पुढची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"कोनाले लागलं? सांगा ना! किती जन हायेत? सारे उतरले का?" ते ओट्यावरून उतरले, धडपडले, जवळ बसलेल्या त्या आजीसमोर गुडघ्यांवर बसले आणि तिचा पदर कपाळावरून मागे सारून कपाळ चाचपू लागले. "माय, कुठं लागलं? इतं का?"

"बाबा!" मी धावले. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे.

आजी घाबरली नाही. तिनं त्यांचं मनगट धरलं. "न्हाई लागलं रं बाबा. कुणालाच न्हाई लागलं. बघ की, सगळी धड हायेत."

"मंग तुमी खाली काहून बसले?"

"तुमी पहुडले होते म्हनून," भागाबाई म्हणाल्या. त्या जागच्या उठल्याही नव्हत्या. "मंग आंधी कवा कोनाले लागलं होतं, ते सांगा."

बाबा तिथेच जमिनीवर बसले. मग त्यांनी सांगितलं. आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी अंगणाला सांगितलं.

"पुन्याहून वापस येतानी, मेहकरच्या अलीकडं. पहाटे. माया डोया लागला. गाडी तुरीच्या वावरात घुसली. थांबली कशी ते मले मालूम नाही, ब्रेक मीनं मारला नाही. गाडी थांबली तरी मी झोपूनच होतो. लोकं उतरले, त्याइनं आपआपल्या ब्यागा काढल्या, वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसले. मंग कोनीतरी माया खांदा हालवला. मीनं डोये उघडले त सारे असेच. असेच बसून मायाकडं पाहून राह्यले होते. एका म्हातारीच्या कपायातून रगत येत होतं. ते पन काही बोलली नाही. कोनी शिवी देली असती तरी बरं झालं असतं."

ते थांबले. मग म्हणाले, "इतके लोकं मायाच भरोशावर झोपले होते ना."

आता मला कळलं, ते गुंगी आली की ताडकन उठून का उभे राहायचे. एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून त्याला का बोलतं ठेवायचे. डॉक्टर, गोळ्या, आईचे नवस, माझे कोश, आणि या माणसानं झोपेला दाराबाहेर उभी करून आतून कडी लावली होती. मला त्यांचा राग आला. आम्हाला का नाही सांगितलं? आणि राग आला त्याच वेळी त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

टाच पाहिलेले काका उठून उभे राहिले. आता ते बोलणार, असं मला वाटलं. बाबाजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी हात जोडले. काकांनी घसा खाकरला.

"त्या बाईचं पुढं काय झालं?"

"टाके पडले. बरी हाय. मी जाऊन पाह्यलं मांगून," बाबा म्हणाले.

"मग बरं झालं," काका म्हणाले आणि परत खाली बसले.

बाबांनी आता मला ओळखलं. ओट्यावर विड्याच्या पानांचा ढीग, पांढरं वस्त्र, समोर एवढी माणसं, यातलं काहीच त्यांना उमगत नव्हतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "कुंदे, हे बाई म्हनते ते पहुडले म्हंजे काय व?"

माझ्याजवळ सगळं होतं. देव पहुडतात, राजे पहुडतात, पौढना, पहुड, उपहुड, संस्कृत, प्राकृत, देशकर सर. त्यातलं एक अक्षर तोंडातून बाहेर येईना.

"झोपले होते तुम्ही, बाबा."

"आन् हे लोकं?"

"हे जागे होते."

त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. काठीवाल्या आजीकडे, काकांकडे, भागाबाईंकडे, घाम पुसणाऱ्या महंतांकडे.

"सारे?"

"सारे."

मग अगदी संकोचानं, लहान पोरानं दुसऱ्यांदा खाऊ मागावा तसं, त्यांनी सगळ्या अंगणाला मिळून विचारलं, "मंग अजून जरासा पडू का मी?"

अचलराजबाबांनी ओट्याकडे पाहिलं, जालन्याच्या मंडळींकडे पाहिलं. मग स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली, निंबाखाली नेऊन अंथरली आणि तिच्यावरची पानं हातानं झाडली. "ओट्यावर नको," ते म्हणाले. "इथे पडा. इथे सावली जास्त आहे."

बाबा उठले आणि शालीवर आडवे झाले. डोळे मिटण्याआधी एकदा मान उचलून त्यांनी बघून घेतलं, लोक बसलेत की गेले. लोक बसले होते. आजी काठी टेकत, सरकत सरकत निंबाजवळ आली आणि तिनं आपल्या पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकायला सुरुवात केली. थोड्याच वेळात बाबांचा डोळा लागला.

भागाबाईंनी उपहुडाचा विडा हातातच धरून ठेवला.

ऊन कलायला लागलं तेव्हा जालन्याचा ड्रायव्हर दारात आला. घड्याळ दाखवत म्हणाला, "चला ना आता! अंधार पडंल रस्त्यात." काकांनी तोंडावर बोट ठेवलं. तो चकित होऊन त्या सगळ्या गप्प बसलेल्या माणसांकडे आणि त्यांच्या मधोमध झोपलेल्या माणसाकडे बघत राहिला.

"कोण आहे हा?" त्यानं विचारलं.

"डायवर हाये," आजी म्हणाली. "झोपलाय."

हॉर्न वाजवून मंडळींना हलवावं, या बेतानं असेल, तो तरातरा गाडीकडे गेला. आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. हॉर्न काही वाजला नाही. थोड्या वेळानं तो परत आला, गळ्यातला टॉवेल जमिनीवर पसरला आणि बाबांच्या उशाशी मांडी घालून बसला.